सोन्याच्या गावाहून परतताना



सोने म्हटले की वऱ्हाडी माणसाला सराफ्याच्या आधी कापूस आठवतो. 'पांढरे सोने' हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. तेव्हा खऱ्या, पिवळ्या सोन्याचे गाव असते तरी कसे, हे एकदा पाहून यावे असे आमच्या मनाने घेतले आणि आम्ही कोलारच्या खाणी पाहावयास गेलो. तेथे काय पाहिले ते सांगावे आणि परतताना जो प्रश्न बरोबर आला तो आपल्यापुढे ठेवावा, एवढाच आजचा हेतू.

बंगारपेठ जंक्शनला गाडी मुख्य मार्ग सोडून फाट्यावर वळते आणि मारिकुप्पमला जाऊन थांबते. बडनेऱ्याहून अमरावतीला यावे, तसाच हा प्रवास. वाटेत राखाडी, सपाट माथ्याच्या टेकड्या दिसू लागल्या. त्या आम्हांला प्रथम निसर्गाच्याच वाटल्या. मग कळले, की सोने काढून घेतल्यावर उरलेल्या दगडाचे, सायनाइडने धुतलेले ते पीठ आहे. वारा सुटला की ते घराघरांत शिरते.

या गावाची कथा मोठी नवलाची आहे. न्यूझीलंडच्या युद्धात लढलेला लॅव्हेल नावाचा एक आयरिश शिपाई १८७१ साली बंगळूरहून बैलगाडीने येथे आला. १८७३ साली त्याने म्हैसूर सरकारकडे परवाना मागितला. पुढे १८८० साली लंडनची जॉन टेलर कंपनी आली, आणि माळरानाचे शहर झाले. कावेरीवरील शिवनसमुद्राची वीज १४७ किलोमीटरच्या तारांवरून १९०२ साली खाणींत पोहोचली. खुद्द बंगळूर शहरात विजेचे दिवे लागले ते त्यानंतर, १९०५ साली. खाण तीन किलोमीटरांहूनही खोल गेली. तिच्याच एका खोल भुयारात १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, परदेशी सहकाऱ्यांसह, वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनो कणांचा माग काढला.

साहेबांचे बंगले, त्यांचा क्लब, त्यांचे चर्च पाहून प्रवासी खूश होतात. या गावाला 'छोटे इंग्लंड' म्हणत. पण त्या बंगल्यांपासून जवळच खाणकामगारांच्या चाळी आहेत. एका खोलीत अख्खा संसार. हे कामगार बहुतेक तमिळ मुलखातून आलेले, आणि त्यांतले पुष्कळसे दलित समाजाचे. खडक फुटून दडपले गेले ते हेच आणि दगडाची धूळ छातीत साठवून खोकत राहिले तेही हेच. सुमारे सव्वाशे वर्षांत येथून आठशे टनांवर सोने निघाले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. आता पहाटेच्या गाड्या भरभरून त्यांची मुले-नातवंडे बंगळूरला कामाला जातात. सोने वर आले आणि दूर गेले. गावाला राहिली ती धूळ.

श्रोतेहो, परतीच्या गाडीत आम्ही बराच वेळ गप्प होतो. कारण ही कथा परक्या गावची वाटेना.

आपले सोने दरवर्षी उगवते, एवढाच काय तो फरक. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा साहेबाची नजर वऱ्हाडावर खिळली. १८७० साली खामगावच्या फाट्याचे उद्घाटन करावयास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी आपली 'शकुंतला'ही कापसासाठीच. तिचे वाफेचे इंजिन मँचेस्टरलाच १९२१ साली घडलेले; १९९४ पर्यंत ते धापा टाकीत राहिले. पुढे गाडीही थांबली. आणि याच कापसाच्या मुलखात १८९९-१९०० च्या दुष्काळात लोक दाण्यासाठी खडी फोडीत होते, हेही विसरू नये. रुळांवरून गठाणी बंदराकडे जात होत्या, त्याच काळातली ही गोष्ट.

परंतु वऱ्हाडाच्या वाट्याला केवळ दुःखच आले असे नाही. कारंज्याचा कापूसबाजार १८८६ साली नियमांखाली आला. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. लिलाव उघड व्हावा, माप खरे असावे, अडत-दलालीला मर्यादा असावी, या विचाराची देशातली सुरुवात आपल्या बाजारात झाली. १९२८ साली शेतकी कमिशनने हाच नमुना इतर प्रांतांपुढे ठेवला. हा आमचा खरा वारसा! कोलारच्या कोणत्याही बंगल्याहून तो आम्हांला मोलाचा वाटतो.

आणि त्याची आपण काय निगा राखतो? जुन्या जिनांची जागा प्लॉटांना जाते, चिमणी पाडली की विटा विकल्या जातात, अडतीच्या दुकानातील जुन्या वह्या रद्दीत पडतात. रेच्यांवर बसून सरकी-रुई वेगळी करणाऱ्या बायांची नावे तर कोणी लिहिलीच नाहीत. कोलारमध्ये आम्हांला साहेबांची नावे पाट्यांवर सापडली. खाली उतरणाऱ्यांची सापडली नाहीत. वऱ्हाडात तसे होऊ द्यावयाचे नसेल, तर सरकारची वाट पाहत बसून चालणार नाही. ज्यांच्या घरी जुन्या वह्या असतील त्यांनी त्या आपल्या गावच्या वाचनालयात द्याव्यात. ज्यांच्या घरी जिनात राबलेली आजी असेल, त्यांनी तिच्याजवळ बसून ऐकावे आणि लिहून ठेवावे. खाण बंद झाल्यावर जाग येते ती फार उशिरा. आपले शेत अजून पिकते आहे. तेव्हाच हे काम व्हावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.