रोबोट घेण्याआधी गोठ्याचं गणित

मी कुंभकोणमहून बोलतोय. महाराष्ट्रातल्या मंडळींना हा मुलूख तंजावरच्या मराठी राज्यामुळे ठाऊक असतो. इथले लोक मात्र आधी डिग्री कॉफीचं नाव घेतात, आणि तिची खरी ओळख म्हणजे पाणी न घातलेलं दूध.

सैन्यात आमचं दूध बरीच वर्षं मिलिटरी फार्मचं असे. पहिलं फार्म 1889 साली अलाहाबादला निघालं. 31 मार्च 2021 रोजी दिल्ली छावणीत समारंभ होऊन ही सेवा बंद झाली. या फार्मांवर होल्स्टीन आणि साहिवालच्या संकरातून फ्रीजवाल गाय घडली. आधी आपल्या हवेला टिकणारं जनावर, मग बाकीचं, हा धडा मी तिथून घेतला.

आता मुद्द्यावर येतो. शिकलेली मुलं विचारतात, "सर, आईचे हात दुखतात, धार काढायला माणूस मिळत नाही. रोबोट घेऊ का?" कर्ज काढायची तयारी असते, म्हणून उत्तर जबाबदारीनं द्यायला हवं.

आधी एक गोंधळ दूर करू. मंचरच्या भाग्यलक्ष्मी फार्मवर गोल फिरणाऱ्या चौथऱ्यावर गाई पिळल्या जातात, त्याला रोटरी म्हणतात. अशा साध्या रोटरीत सडांना कप माणूसच लावतो. रोबोटमध्ये गाय आपल्या पायांनी, खुराकाच्या ओढीनं येते. गळ्यातल्या पट्ट्यावरून यंत्र तिला ओळखतं, सड धुतं, लेझर किंवा कॅमेऱ्यानं सड शोधून कप लावतं. चारही सडांचं दूध वेगळं मोजतं, आणि दुधाच्या विद्युतवाहकतेवरून कासदाहाची शंका आधीच कळवतं. 1992 साली नेदरलँड्समध्ये अशी यंत्रं गोठ्यात बसली.

आता गणित करू. एका रोबोटला साधारण 60 गाई. प्रत्येक गाय दिवसातून अडीच वेळा आली, तर 150 धारा. एका धारेला सात मिनिटं धरा, म्हणजे साडेसतरा तास. उरलेल्या वेळात धुणं आणि फसलेल्या धारा. गाय 30 लिटरची असेल, तर यंत्र दिवसाला 1800 लिटर काढतं. तीच गाय 10 लिटरची असेल, तर 600. यंत्राची किंमत तीच, कोटीच्या घरातली. देखभालीचा माणूसही तोच. प्रत्येक लिटरवरचा बोजा मात्र तिप्पट.

दुसरी गोष्ट पान्ह्याची. आपल्या कित्येक देशी गाई वासरू तोंडाशी असल्याशिवाय पान्हा सोडत नाहीत. आमच्या कावेरीच्या खोऱ्यातली उंबळाचेरी तर मुळात नांगराची जात, दूध थोडं. यंत्र वाट पाहत राहिलं, की मागच्या गाईंची रांग लागते. कास लोंबती असेल किंवा मागचे सड एकमेकांना चिकटलेले असतील, तर यंत्राला ते सापडत नाहीत.

तिसरी गोष्ट उन्हाची. दुपारी तापलेली गाय उठून यंत्राकडे जात नाही. इथल्या दमट हवेत फवाऱ्यानंही फारसा गारवा येत नाही. पंखे आणि उंच छत लागतं. वीज गेली किंवा यंत्र अडलं, तर 60 गाईंच्या कासा तटतटतात. त्या वेळी दुरुस्तीचा माणूस किती तासांत पोचेल, हे सही करण्याआधी लेखी घ्या. लष्करात आम्ही शस्त्राआधी रसद पाहायचो.

मग दहा-बारा गाईंच्या घरानं काय करावं? बादलीचं साधं दूधयंत्र घ्यावं. आईच्या मनगटांना आराम तेवढ्यानंही मिळतो. प्रत्येक गाईचं दूध रोज तोलून वहीत लिहावं. धारेनंतर सड औषधात बुडवावेत. कासदाहाची चाचणी महिन्यातून एकदा करावी. रोबोट जी माहिती देतो, तिच्यातली बरीचशी अशी हाती येते, आणि ती वाचायची सवय लागते.

वर्षभराची वही भरली, गाई वाढल्या, सरासरी दूध वाढलं, की रोबोटचा विचार जरूर करा. तेव्हा विक्रेत्याला पाच आकडे विचारा: दिवसाच्या धारा, फसलेल्या धारा, एका धारेचा वेळ, यंत्रामागे रोजचं दूध आणि दुरुस्तीला लागणारा वेळ. आकडे आपल्यासारख्या हवेतल्या गोठ्याचे मागा, हॉलंडचे नकोत. शक्य असेल तर तो गोठा मे महिन्यात, भर दुपारी जाऊन पाहा.