पहाटेचा एक तास
(वर्ध्यातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)

१९९४ च्या महिला धोरणामुळे महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांना ३० टक्के राखीव जागा मिळाल्या. पण पोलीस शिपाई भरतीत आधी मैदान असतं. मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५, चार किलोच्या गोळाफेकीचे १५. या ५० पैकी निम्मे मिळाले नाहीत तर लेखी परीक्षेला बसताच येत नाही.

सेलू-देवळीकडची मुलगी पहाटे धावायला निघाली की पाणी, चूल, धाकटी भावंडं आडवी येतात. भाऊ मात्र खुशाल पळायला जातो. म्हणून गटांनी आधी तिच्या घरी जाऊन बोलावं. चौघी-पाचजणींनी मिळून निघावं, सोबत एक बाई असावी. गोळा वर्गणीतून घ्यावा. भरतीच्या दिवशीच तो पहिल्यांदा हातात येऊ नये. घरकामाची वाटणी झाली तरच तिची तयारी होईल.