इजेची बक्षिसी

अमेरिकेतला फुटबॉल आपल्या फुटबॉलाहून निराळा. लांबट चेंडू कवेत घेऊन धावायचे, समोरच्यांनी झेप घेऊन पाडायचे, असा तो धसमुसळा खेळ. पाडणे नियमातच बसते. पण त्यामागे पैसा आला तर? न्यू ऑर्लिन्सच्या ‘सेंट्स’ संघात २००९ ते २०११ या तीन हंगामांत हेच चालले होते, असे तिथल्या लीगच्या चौकशीत आढळले. समोरचा गडी सामन्यातून बाद झाला की १५०० डॉलर. उचलून न्यावा लागला की १०००!

मार्च २०१२ मध्ये शिक्षा झाली. संघाला ५ लाख डॉलर दंड. योजना चालवणारा प्रशिक्षक बेमुदत बाहेर. मुख्य प्रशिक्षक शॉन पेटन यांनी ती थांबवली नाही, म्हणून तेही हंगामभर बाहेर. चार खेळाडूंवरही बंदी आली. पण डिसेंबरात अपिलात ती उठली. दोषाचा मोठा वाटा शिकवणाऱ्यांच्या पदरी पडला.

गुरुजी, हे ध्यानात ठेवा. पोराने कुणाचा पाय मुरगळला, तर पोराला दटावाच. पण कडेला उभे राहून ‘शाब्बास’ कोण म्हणाले, तेही विचारा.