वाट्यातला वाटा

आजचा विषय शेअर बाजाराचा आहे. ‘तो कुठला आपला विषय?’ असं म्हणून रेडिओ बंद करू नका. शेअर घ्यायला आता मुंबई गाठावी लागत नाही, घरातल्या मोबाईलवर काम होतं. डिमॅट खातं कधी आईच्या, कधी बायकोच्या नावावर असतं. आणि पैसा? तो कधी कधी गटातून शेळीसाठी म्हणून उचललेला असतो. म्हणून बोलायला हवं.

मोबाईलवर एक निरोप येतो. ‘अमकी मोठी इंटरनेट कंपनी बाजारात येतेय. तिचे शेअर तुम्हाला मिळणार नाहीत. पण या छोट्या कंपनीचा तिच्यात वाटा आहे आणि हिचा शेअर फक्त दहा रुपयांना आहे. आज घ्या, महिन्यात तिप्पट!’ इतक्या कमी भावाच्या शेअरला पेनी स्टॉक म्हणतात. ऐकायला गोड आहे. आता हिशेब मांडू.

समजा, शेजारणीची म्हैस ८० हजारांची आहे. तिच्यात तुमच्या गटाचा चार आणे वाटा आहे. म्हणजे गटाचे झाले २० हजार. गटात तुम्ही दहा जणी, तर तुमच्या वाट्याला आले २ हजार. पण गटावर १५ हजारांचं कर्ज आहे. ते वजा केलं तर उरले ५ हजार, आणि तुमचे फक्त ५००. शिवाय म्हैस कधी विकायची हे तुमच्या हातात नाही. तरी गावभर बोभाटा काय? तर ‘हिचा ८० हजारांच्या म्हशीत वाटा आहे!’ बोभाटा खोटा नाही, पण हातात येणार ते पाचशेच.

कंपनीचंही असंच. छोट्या कंपनीचे १० कोटी शेअर आहेत, भाव १० रुपये. म्हणजे सगळी कंपनी १०० कोटींची. नवी इंटरनेट कंपनी १,००० कोटींची आणि तिच्यात हिचा वाटा एक टक्का. तो झाला १० कोटींचा. १० कोटी शेअरांत वाटला तर एका शेअरमागे एक रुपया. उद्या नवी कंपनी दुप्पट झाली तरी दोन रुपये. मग दहाचे तीस कुठून होणार?

वाटा खरा आणि मोठा असला तरी बाजार सरळ चालत नाही. झोमॅटोचं नाव तुम्ही ऐकलं असेल, मोबाईलवरून जेवण मागवतात ती कंपनी. नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एज कंपनीने २०१० पासूनच तिच्यात पैसे घातले होते. जुलै २०२१ मध्ये झोमॅटोचा शेअर ७६ रुपयांना विक्रीला आला आणि बाजारात पहिल्याच दिवशी शंभराच्या पुढे गेला. जुन्या वाटेकऱ्यांना मात्र एक वर्ष शेअर विकायची बंदी होती. जुलै २०२२ मध्ये ती मुदत संपली आणि भाव ५० च्याही खाली आला. पुढे तो सावरला, खूप वरही गेला. पण तोवर थांबायला कुणाला परवडलं? ज्याचा पैसा स्वतःचा होता आणि ज्याला हप्त्याची घाई नव्हती त्याला. गटाचा हप्ता महिन्याच्या महिन्याला येतो. तो झोमॅटोसाठी थांबत नाही.

ही तर मोठी, नावाजलेली कंपनी. पेनी स्टॉकमध्ये वेगळाच खेळ होऊ शकतो. अशा शेअरची रोजची खरेदी-विक्री थोडी असते. चार जणांनी ठरवून आपसांत घेतलं-विकलं की भाव चढतो. मग निरोप सुटतात, व्हिडिओ येतात. आपल्यासारखे घ्यायला धावले की ते आपले शेअर विकून मोकळे होतात. एका दिवसात भाव किती खाली जावा याला मर्यादा असते, तिला सर्किट म्हणतात. पडत्या शेअरला रोज खालचं सर्किट लागतं. तुम्ही विकायला काढता, पण घ्यायलाच कुणी नसतं.

हे कल्पनेतलं नाही. २०२२ साली साधना ब्रॉडकास्ट नावाच्या कमी भावाच्या शेअरबद्दल यूट्यूबवर व्हिडिओ आले. एक बडा उद्योगसमूह ही कंपनी घेणार, असं त्यांत सांगितलं होतं. ते खोटं होतं. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने चौकशी करून मार्च २०२३ मध्ये कारवाई केली. सेबीच्या आदेशानुसार, या काळात कंपनीचे छोटे भागधारक सुमारे दोन हजारांवरून ५५ हजारांवर गेले होते. चढ्या भावाने घेणारे हेच, आणि त्यांना विकणारे आतले.

मग करायचं काय? निरोप आणणाऱ्याला चार प्रश्न विचारा, मग तो मुलगा असो नाहीतर दीर. वाटा किती टक्के आहे? कंपनीचे एकूण शेअर किती? तिच्यावर कर्ज किती? आणि हे सगळं कंपनीच्या कागदात दाखवता येतं का? उत्तर ‘सगळे घेताहेत’ असं आलं, तर ते उत्तर नव्हे.

डिमॅट खातं तुमच्या नावावर असेल तर त्याला मोबाईल नंबर तुमचाच हवा. ओटीपी कुणाला सांगू नका, घरातल्यालाही नाही. खात्यात व्यवहार झाला की त्या महिन्याचं स्टेटमेंट येतं, ते शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. खातं तुमचं म्हटल्यावर जाब तुम्हालाच द्यावा लागतो. शंका आली तर सेबीचा फुकट नंबर आहे, १८०० २२ ७५७५.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत एक ठराव लिहून घ्या : गटाचं कर्ज शेअरसाठी दिलं जाणार नाही. बँकेचं कर्ज सगळ्या जणींच्या जबाबदारीवर असतं. एकीच्या घरात पैसा बुडाला तर हप्ता नवा जणींच्या पदराला लागतो. कुणाला शेअर घ्यायचेच असतील तर आधी कर्ज फेडावं, अडीअडचणीचे पैसे बाजूला काढावे आणि उरतील त्यातले, गेले तरी चूल विझणार नाही इतकेच लावावे.

म्हैस घेताना आपण दात बघतो, कास बघतो, दोन वेळा दूध काढून बघतो. मोबाईलवरच्या म्हशीलाही तोच नियम लावा.