इंजिनाचे जुने तेल

मंडळी, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. मिरकरवाड्यात आम्ही बघतो, होड्या शाकारतात, जाळी दुरुस्त होतात. पण इंजिनाच्या तेलाकडे कोण बघतो? आपण म्हणतो, "इंजिन तर बंदच राहणार. नवे तेल नारळी पौर्णिमेला घालू." इथेच चुकते.

आंबट ताक पितळेच्या भांड्यात ठेवले की कळकते ना? तसेच हे. वापरलेल्या तेलात काजळी, पाण्याचा अंश आणि आम्ल असते. इंजिन बंद असले तरी ते आम्ल आतले बेअरिंग खात बसते.

म्हणून तेल बंदीआधीच बदलावे, होडी पाण्यात असतानाच. वर ओढल्यावर इंजिनाला थंड करणारे पाणी मिळत नाही. प्रथम इंजिन चालवून गरम करावे. मग बंद करून तेल काढावे. गरम तेल गाळासकट येते. फिल्टरही बदलावा. नवे तेल घालून इंजिन पाच मिनिटे चालवावे, म्हणजे तेल सगळीकडे पोचते. काढलेले तेल डब्यात भरावे, खाडीत ओतू नये.

पुन्हा दर्यात जाण्याआधी तेलाची पट्टी काढून पाहा. तेल दुधासारखे पांढरट दिसले, तर आत पाणी शिरले समजा. इंजिन सुरू करू नका, मिस्त्रीला बोलवा. भर समुद्रात इंजिन अडले, तर चार माणसांचा जीव टांगणीला लागतो.

आणि तेल बदलल्याची तारीख वहीत लिहा. आता आपल्याला लिहिता येते!