गहू वर्ज्य असलेली मुले आणि आपले कर्तव्य
(वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी मस्तगड, जालना येथे केलेले भाषण)



संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव व्हावा, वधूवरांचा परिचय व्हावा, ही आपली जुनी प्रथा आहे. त्या विषयांवर बोलणारे अधिकारी वक्ते येथे पुष्कळ आहेत. आम्ही मात्र आज स्वयंपाकघरातील एक गोष्ट आपल्यापुढे मांडणार आहो. आम्ही डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून मुलांना बाराखडी शिकविण्यात आमची हयात गेली. तरीही हे धाडस करीत आहो, कारण हा धडा आम्ही स्वतः चूक करून शिकलो आहो.

आमचा नातू पाच वर्षांचा झाला तरी तीन वर्षांच्या मुलाएवढा दिसे. पोट फुगलेले, हातपाय काड्यांसारखे, जुलाब वरचेवर. घरात कोणी दृष्ट काढली, कोणी जंतांचे औषध दिले, कोणी सुनेलाच बोल लावला. अखेर रक्ततपासणी झाली, दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला गेला आणि ‘सीलिॲक’ या विकाराचे निदान झाले. गहू जन्मभर बंद, असे डॉक्टरांनी सांगितले.

त्यानंतर चार महिन्यांनी घरी सत्यनारायणाची पूजा होती. प्रसादाचा शिरा पाहून नातू म्हणाला, “आजोबा, यात रवा आहे ना?” आम्ही उत्तरलो, “बाळ, देवाच्या प्रसादाने का कोणास अपाय होतो? एका घासाने काय होणार?” त्याने आमचा मान राखला व घास खाल्ला. पुढे तीन दिवस ते लेकरू अंथरुणावर होते. चाळीस मुलांच्या वर्गात ज्याने कधी खोटे शिकविले नाही, त्या शिक्षकाने घरच्या मुलास खोटे शिकविले, ही टोचणी आम्हांस आजही आहे.

हा विकार म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. गहू, सातू म्हणजे जव, आणि परदेशात पिकणारे राय या धान्यांत ग्लुटेन नावाचा चिकट अंश असतो. कणकेला जो ताण येतो, तो त्याचाच. आपल्या आतड्यांच्या आत मखमलीसारखे बारीक अंकुर असतात व ते अन्नरस शोषून घेतात. या रोग्यांच्या शरीरात ग्लुटेन गेले की शरीर स्वतःच त्या अंकुरांवर उलटते. ते झिजून सपाट होतात. मग मूल पोटभर जेवले तरी अंगी काही लागत नाही. कोणास जुलाब होतात, कोणाची केवळ उंची खुंटते, कोणास रक्तक्षय होतो. हा रोग स्पर्शाने पसरत नाही आणि त्यात आईचा दोष नसतो. तो घराण्यात उतरू शकतो, म्हणून रोग्याच्या आईबापांची व भावंडांचीही तपासणी करावी. मात्र तपासणीपूर्वी आपल्या मनाने गहू बंद करू नये. तसे केल्यास तपासणी फसते.

या रोगाचे कारण ध्यानी येण्यास फार काळ लागला. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना 1930 नंतरच्या काळातच गव्हाविषयी शंका आली होती. 1944-45 च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे तेथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. तेव्हा इतर मुले खंगत असता ही मुले सुधारली, असे सांगतात. 1950 साली डिके यांनी आपला प्रबंध सादर केला. आपल्या देशात हा विकार उत्तरेकडे सुमारे शंभरांत एकास आढळतो, दक्षिणेकडे त्याचे प्रमाण पुष्कळ कमी आहे. यावर औषध नाही. आहार हेच औषध.

बंधुभगिनींनो, हा आहार आपणांस परका आहे काय? आपल्या मराठवाड्यात जोंधळ्याची भाकरी नित्याची आणि गव्हाची पोळी सणासुदीची, हे आम्ही लहानपणी पाहिले आहे. जालन्याच्या मोंढ्यात आजही शाळू मिळतो. ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, तांदूळ, सर्व डाळी, भाज्या, दूध, फळे ही सारी निर्धोक. उपवासाचे साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा हेही चालतात. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. आपल्या आजीला मात्र ते सांगावे लागले नसते.

खरा धोका न दिसणाऱ्या गव्हाचा आहे. रवा, मैदा, दलिया, शेवया, गव्हाच्या कुरडया, बिस्किटे ही तर वर्ज्यच. खपली गहूही गहूच. सातूच्या पिठातही गहू वा जव असतो. बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, म्हणून डबीवरील घटक वाचावेत. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली तर तीही बाधते. आम्ही धान्य घरी निवडून घरघंटीवर दळतो व त्या घरघंटीत गहू पडू देत नाही. काटवट, तवा, पोळपाट निराळे ठेवावेत. पुऱ्या तळलेल्या तेलात या मुलाची भजी तळू नयेत. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जिन्नसात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसावे, असा आपल्या देशात नियम आहे. यावरून कणभर पिठाचे महत्त्व ओळखावे.

ज्ञातिसंस्थेकडे आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, आपल्या पंक्तीत अशा मुलांसाठी भाकरी व वरणभात निराळ्या भांड्यांत, निराळ्या पळीने वाढावा. दुसरी, पाहुण्यांनी “एक घास घे” असा आग्रह करू नये. आग्रहास आपण प्रेम समजतो, परंतु येथे तो घात ठरतो. तिसरी विनंती वधूवरांच्या पालकांस. मुलीचा हा विकार लपवून सोयरीक करू नका. लपविले तर ती सासरी मुकाट्याने पोळी खाईल आणि आतून झिजत जाईल. आणि वरपक्षानेही ऐकून पाठ फिरवू नये; पथ्य पाळणारी मुलगी इतरांसारखीच संसार करू शकते.

आमचा नातू आता नऊ वर्षांचा आहे. वर्गातील मुलांच्या बरोबरीने धावतो. यंदाच्या पूजेस प्रसादाचा शिरा आम्ही घरी दळलेल्या तांदळाच्या रव्याचा केला. त्याने प्रथम आमच्या तोंडाकडे पाहिले. आम्ही म्हणालो, “बाळ, यात गहू नाही; आम्ही स्वतः दळला आहे.” मग त्याने हात पुढे केला. जालन्यास लोक सोन्याचा पाळणा म्हणतात; त्या पाळण्यातील एकही लेकरू केवळ वडीलधाऱ्यांच्या अज्ञानापायी उपाशी राहू नये, एवढेच मागून आम्ही आपली रजा घेतो.