असिंक मेथडमधून दोन उत्तरं

आजचा प्रश्न छोटा आहे, पण मला महागात पडता पडता राहिला. असिंक मेथडमधून एकाऐवजी दोन गोष्टी परत हव्या असतील तर काय करायचं?

एका धर्मादाय दवाखान्यासाठी मी सी-शार्पमध्ये औषधसाठ्याचा प्रोग्रॅम लिहिला होता. औषधाचं नाव दिलं की दोन उत्तरं हवीत: किती नग शिल्लक आहेत आणि मुदत कधी संपते. नग मी रिटर्न करायचो, मुदत आउट पॅरामीटरमधून द्यायचो. पुढे डेटाबेसच्या कॉलसाठी मेथड असिंक केली आणि कंपायलरने अडवलं. असिंक मेथडला आउट किंवा रेफ चालत नाही.

मी पळवाट काढली. मुदत क्लासच्या फील्डमध्ये ठेवायची आणि कॉल संपला की तिथून वाचायची. घरी लॅपटॉपवर बिनतक्रार चाललं. दवाखान्यात मात्र खिडक्या दोन, आणि दोन्हींसाठी ऑब्जेक्ट एकच! दोघींनी एकाच वेळी शोध घेतला आणि पहिल्या खिडकीवर दुसऱ्याच औषधाची मुदत दिसली. मुदत उलटून गेलेलं औषध पडद्यावर चांगलं दिसत होतं. नर्सबाईंनी पाकिटावरची तारीख वाचली म्हणून निभावलं. चूक सर्वस्वी माझी.

आता कंपायलरचं म्हणणं ऐका. आउटचा करार असा, की मेथड परतण्याआधी किंमत भरलेली असली पाहिजे. असिंक मेथड मात्र अवेटपाशी थांबावं लागलं की काम अर्धवट असतानाच परतते. हातात देते फक्त टास्क, म्हणजे पावती. माल नंतर येतो. तोवर कॉल करणाऱ्याचं ते व्हेरिएबल जागेवर असेलच याची खात्री कोण देणार?

म्हणून दोन्ही उत्तरं त्या पावतीतच बांधायची. 2017 साली सी-शार्प 7.0 मध्ये नावं देता येणारे ट्यूपल आले. टास्कच्या आत कंसात नग आणि मुदत लिहा, शेवटी दोन्ही एकत्र रिटर्न करा. त्याआधीच्या ट्यूपलमध्ये आयटम-वन, आयटम-टू असायचं. त्यातलं कुठलं काय, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक!

एक खड्डा इथेही आहे. ट्यूपल उलगडताना कंपायलर क्रम बघतो, नाव नाही. पूर्ण पट्ट्या आणि सुट्या गोळ्या, दोन्ही इंट. घेताना अदलाबदल झाली तर तो गप्प बसतो. अशा वेळी मी सरळ छोटा रेकॉर्ड लिहितो आणि उलगडत बसत नाही, प्रत्येक किंमत नावानेच वाचतो.